रक्तांतील पहारेकरी

शिरूरला आगगाडी नाहीं. सोलापूरकडे जावयाचें तर आम्हांस प्रथम दौंड गांठावें लागतें. त्या जंक्शनावर गाडीची वाट पाहतांना तिकिट-तपासनिसांचें काम मीं पुष्कळदां न्याहाळलें आहे. आजचा विषय समजून घेण्यास तें फार उपयोगीं पडतें.

शरीराचें रोगापासून रक्षण कसें होतें, याचा एक पाठ आपणां सर्वांस ठाऊक आहे. १८९७ सालच्या जानेवारींत डॉ. हाफकीन यांनीं मुंबईस तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. लस टोचणें म्हणजे शरीरास शत्रूची आगाऊ ओळख करून देणें. परंतु अशा शिकवणीवांचून लढणारे पहारेकरीहि आपल्या रक्तांत असतात. त्यांची एक जात कळावयास १९७५ साल उजाडावें लागलें.

त्याची कथा मौजेची आहे. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत कित्येक प्रयोगशाळांतून कर्करोग्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी कर्कपेशींवर सोडून त्या किती मरतात हें मोजीत. तुलनेसाठीं निरोगी माणसांचें रक्त घेत, तों त्यांच्या पेशीहि कर्कपेशींना मारीत! प्रयोगांतील दोष समजून या आंकड्याकडे बहुधा दुर्लक्ष होई. न जुळणारा ताळा आम्ही मास्तर लोकहि असाच खोडीत आलों, असो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेंत रोल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन व हान्स विगझेल यांनीं दाखवून दिलें कीं, हा दोष नसून पेशींची एक निराळीच जात आहे. तिला त्यांनीं 'नैसर्गिक मारक पेशी' असें नांव दिलें. अमेरिकेंत रोनाल्ड हर्बरमन यांनाहि त्याच सुमारास तेंच आढळलें.

पण शिकवणीवांचून या पेशी शत्रु ओळखतात कशा? आपल्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर स्वकीयत्वाचीं प्रथिनें असतात; त्यांना आपण तिकिट म्हणूं. पेशींत विषाणु शिरला कीं त्याचे तुकडे या तिकिटावर दिसूं लागतात. टी-पेशी नांवाचे तपासनीस तो डाग पाहून त्या पेशीस ठार करतात. टी-पेशींना विषाणु या तिकिटासहच ओळखतां येतो, हें १९७४ सालीं झिंकरनागेल व डोहर्टी यांनीं दाखविलें होतें. यावर कित्येक विषाणूंपाशीं तोड आहे: तिकिटच नाहींसें करावयाचें! कांहीं कर्कपेशीहि तेंच करतात. मग टी-पेशी आंधळ्या होतात.

येथें क्लास कॅरे या तरुण संशोधकास उलटा विचार सुचला. मारक पेशी डागी तिकिट शोधीतच नाहींत. ज्याच्यापाशीं तिकिट नाहीं अशा उतारूला त्या धरतात, असें त्यानें १९८१ सालच्या आपल्या प्रबंधांत मांडलें. १९८६ सालीं त्याचा पुरावा प्रसिद्ध झाला. तिकिट असलेल्या कर्कपेशी उंदरांना टोचल्या तर गांठी वाढत. त्याच वंशाच्या पण तिकिट गमावलेल्या पेशी थोड्या संख्येनें टोचल्या तर उंदीर त्यांचा फडशा पाडीत.

कोणी विचारील कीं, आपल्या तांबड्या रक्तपेशींवर हीं प्रथिनें जवळजवळ नसतातच, मग त्या कशा वांचतात? आईच्या कडेवरील तान्ह्या मुलापाशींहि तिकिट नसतें, परंतु तपासनीस त्यास धरीत नाहीं. संशयास दुसरेंहि कारण लागतें. बिघडलेली पेशी आपल्या अंगावर संकटाच्या कांहीं खुणा आणते. मारक पेशीला जणूं दोन हात असतात. एक ती खूण चांचपून तिला चेतवितो, दुसरा तिकिट चांचपून तिला आवरतो. ज्याचा जोर अधिक, त्याप्रमाणें निकाल. निकाल विरुद्ध गेला कीं ती समोरच्या पेशीच्या आवरणास छिद्रें पाडून आंत मारक द्रव्यें सोडते.

हे पहारेकरी नसतील तर? १९८९ सालीं अमेरिकेंत एका किशोरवयीन मुलीची हकीकत प्रसिद्ध झाली. तिच्या रक्तांत मारक पेशी नव्हत्याच. कांजिण्या आपल्याकडे घरोघर येऊन जातात. त्या कुळांतील विषाणूंनीं मात्र तिला पुनःपुन्हां गंभीर दुखणीं आणलीं.

२०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ह्यूस्टन येथील डॉक्टरांनीं नवजात बालकांच्या नाळेच्या रक्तांतून मारक पेशी घेतल्या, त्यांवर विशिष्ट कर्कपेशी ओळखणारा एक नवा हात बसविला, आणि त्या रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या ११ रोग्यांना दिल्या. त्यांपैकीं ८ जणांना गुण आला.