गोव्यातील विवाहपूर्व करार : सही करण्याआधी समजून घ्यावयाच्या गोष्टी

लग्न ठरले की घराघरांत याद्या सुरू होतात. सभागृह, दागिने, पत्रिका, जेवणावळ या प्रत्येक बाबीची चर्चा होते. मात्र लग्नानंतर मालमत्ता कोणाची राहणार, हा प्रश्न सहसा कोणी उच्चारत नाही. तो विचारणे म्हणजे नव्या नात्यावर अविश्वास दाखवणे, अशी आपली समजूत आहे. गोव्याच्या कायद्याची भूमिका याहून वेगळी आहे. येथे विवाहपूर्व करार न करणाऱ्या जोडप्यालाही कायद्याने एक करार लागू होतोच. त्यामुळे करार करावा की नाही, असा प्रश्न गोव्यात मुळात उरत नाही. चारपैकी कोणती व्यवस्था आपल्याला लागू व्हावी, एवढाच तो प्रश्न असतो. काहीही न बोलणाऱ्याने त्यातील एक निवडलेली असते.

कायदा कोठून आला?

१८६७ चा पोर्तुगीज नागरी संहिता हा कायदा गोवा, दमण व दीव येथे १८७० पासून लागू झाला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या प्रशासन कायद्याने येथील प्रचलित कायदे पुढे चालू ठेवले. वारसाहक्काविषयीच्या तरतुदींची जागा पुढे राज्याच्या स्वतंत्र कायद्याने घेतली. हा कायदा २०१२ चा असून डिसेंबर २०१६ पासून तो अमलात आहे. विवाहित जोडप्याच्या मालमत्तेबाबत मात्र जुन्या संहितेचीच चौकट कायम आहे. हिंदू, ख्रिस्ती व मुस्लिम या सर्व समाजांतील गोमंतकीयांना ती लागू होते.

उर्वरित भारतातील चित्र निराळे आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पतिपत्नीच्या समाईक मालमत्तेची कल्पनाच नाही. ज्याच्या नावावर जे असेल, ते त्याचे. त्या कायद्याचे कलम २७ केवळ विवाहप्रसंगी दोघांना मिळून भेट मिळालेल्या वस्तूंपुरते मर्यादित आहे. विवाहपूर्व करारांकडेही न्यायालयांनी बहुधा संशयानेच पाहिले. पत्नीला तिच्या माहेरातून कधीही हलवणार नाही, असा पतीने लग्नाआधी दिलेला शब्द कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०१ मध्येच अमलात आणण्यास नकार दिला होता. म्हणूनच बेळगाव, सिंधुदुर्ग किंवा पुण्याहून सून अथवा जावई गोव्यात येतो, तेव्हा दोन्ही घरांची गृहीतके वेगवेगळी असतात, आणि त्याची जाणीव अनेकदा फार उशिरा होते.

चार व्यवस्था

पहिली व्यवस्था संपूर्ण समाईक मालमत्तेची. करार नसल्यास हीच लागू होते. लग्नाआधीची, लग्नानंतर कमावलेली आणि आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता, कायद्याने वगळलेल्या काही बाबी सोडल्यास, दोघांची निम्मी-निम्मी होते. हा अर्धा हिस्सा अविभाज्य असतो. संसार चालू असताना अमुक खोली माझी, तमुक शेत तुझे, असे बोट दाखवता येत नाही. स्थावर मालमत्ता विकताना दोघांच्याही सह्या लागतात. वडिलोपार्जित घराच्या विक्रीखतावर मुलींबरोबर जावयांच्या आणि मुलांबरोबर सुनांच्या सह्या का घेतल्या जातात, याचे उत्तर येथेच आहे.

दुसरी व्यवस्था लग्नानंतर संपादित केलेल्या मालमत्तेपुरती समाईक असते. लग्नाआधीचे आणि वारशाने किंवा बक्षीस म्हणून मिळालेले ज्याचे त्याच्याकडे राहते. संसारात दोघांनी कमावलेले मात्र समाईक ठरते. ही व्यवस्था निवडणाऱ्यांनी लग्नाआधीच्या मालमत्तेची तपशीलवार यादी दस्तातच द्यावी. यादीत नसलेली वस्तू लग्नानंतर मिळवलेली समजली जाण्याचा धोका असतो.

तिसरी व्यवस्था पूर्ण विभक्त मालमत्तेची. येथे आधीचे आणि नंतरचेही ज्याचे त्याचे.

चौथी ‘दोत’ची. वधूकडून संसारासाठी आलेली ठरावीक मालमत्ता पतीने सांभाळावयाची आणि विवाह संपुष्टात आल्यास परत करावयाची, असे तिचे स्वरूप आहे. आज ती क्वचितच निवडली जाते.

एका उदाहरणातून फरक

समजा, लग्नाच्या वेळी पतीच्या नावावर म्हापशात ४० लाख रुपयांचा फ्लॅट आहे. पुढे पत्नीला साखळी येथील ३० लाखांचा भूखंड वारशाने मिळतो. संसारातील २० लाखांची बचत पतीच्या नावावर जमा होते, कारण पत्नी घर आणि मुले सांभाळते.

पहिल्या व्यवस्थेत एकूण ९० लाखांपैकी प्रत्येकाचा वाटा ४५ लाखांचा. दुसऱ्या व्यवस्थेत पतीकडे फ्लॅट व निम्मी बचत मिळून ५० लाख, तर पत्नीकडे भूखंड व निम्मी बचत मिळून ४० लाख. तिसऱ्या व्यवस्थेत पतीकडे ६० लाख आणि पत्नीकडे केवळ तिचा भूखंड, म्हणजे ३० लाख. घरकामाला पगार नसतो. समाईक व्यवस्था त्या श्रमाची दखल अर्ध्या हिश्श्याच्या रूपाने घेते. विभक्त व्यवस्थेत ती दखल घेणारे काहीच नसते.

वैधव्याचा विसरलेला प्रश्न

विवाहपूर्व कराराची चर्चा नेहमी घटस्फोटाभोवती फिरते. प्रत्यक्षात बहुतेक विवाह मृत्यूनेच संपतात, आणि कराराचा सर्वांत मोठा परिणाम तेव्हाच दिसतो. गोव्याच्या वारसाक्रमात मुले व नातवंडे प्रथम येतात. हयात जोडीदाराचा क्रमांक बराच मागे आहे. वारस म्हणून दुबळ्या असलेल्या या जोडीदाराचे खरे संरक्षण त्याच्या स्वतःच्या अर्ध्या हिश्श्यात असते. हा हिस्सा वारशाने मिळत नाही, तो आधीपासूनच त्याचा असतो. वरील उदाहरणात पतीचे निधन झाल्यास पहिल्या व्यवस्थेत पत्नीचे ४५ लाख आधी बाजूला काढले जातात आणि उरलेले ४५ लाख मुलांकडे जातात. विभक्त व्यवस्थेत पतीचे ६० लाख थेट मुलांकडे जातात. मग आयुष्यभर ज्या घरात राहिलो, त्याच घरात मुलांच्या मर्जीवर राहण्याची वेळ तिच्यावर येऊ शकते.

यावर उपाय आहे. गोव्यात मालमत्तेचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. तो मृत्युपत्राने हिरावून घेता येत नाही. उरलेला अर्धा भाग मात्र हवा त्याला देता येतो. म्हणून विभक्त व्यवस्था निवडणाऱ्या जोडप्याने विवाहानंतर लगेच एकमेकांच्या नावे मृत्युपत्र करण्याचा विचार करावा. मृत्युपत्र पुढे बदलता येते, त्यामुळे हे संरक्षण अर्ध्या हिश्श्याइतके पक्के नाही, हेही लक्षात असू द्यावे.

वेळ एकदाच मिळते

हा करार विवाहापूर्वीच आणि अधिकृत नोटरी दस्ताच्या स्वरूपातच करावा लागतो. दोघांनी घरी लिहून सह्या केलेला कागद, मग तो स्टॅम्प पेपरवर का असेना, चालत नाही. विवाह झाल्यानंतर करार रद्दही करता येत नाही आणि नव्याने करताही येत नाही.

येथे एक चूक वारंवार घडू शकते. गोव्यात नागरी विवाह नोंदणी दोन टप्प्यांत होते. आधी नागरी निबंधकापुढे विवाहाचा इरादा जाहीर करावयाचा, आणि हरकतींची मुदत संपल्यावर साक्षीदारांसमोर पुन्हा सह्या करावयाच्या. या दुसऱ्या सहीने कायद्याच्या दृष्टीने विवाह पूर्ण होतो, मंडपातील अक्षतांनी नव्हे. पासपोर्ट किंवा व्हिसासाठी काही जोडपी धार्मिक विधीच्या कित्येक महिने आधीच नोंदणी उरकतात. लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्यांना कराराची आठवण झाली, तरी तोवर दार बंद झालेले असते. चर्चमध्ये विवाह करणाऱ्यांनीही विधीपूर्वीच दस्त पूर्ण करावा.

करारात काय बसत नाही?

हा करार केवळ मालमत्तेचा आहे. मुलांचा राखीव वाटा त्याद्वारे कमी करता येत नाही. पालक म्हणून किंवा पतिपत्नी म्हणून कायद्याने दिलेले हक्क आणि कर्तव्ये त्यात बदलता येत नाहीत. नोकरी सोडण्याची अट, मुलांचा ताबा कोणाकडे राहील किंवा कोणी कोठे राहावे, अशी कलमे घालून कराराला बळ येत नाही.

वडिलोपार्जित घराची काळजी असलेल्या आईवडिलांसाठी आणखी एक मार्ग आहे. मुलाला किंवा मुलीला मालमत्ता देताना ती जोडीदाराशी समाईक होणार नाही, अशी अट बक्षीसपत्रात किंवा मृत्युपत्रात घालता येते. केवळ एका घरासाठी संपूर्ण संसार विभक्त व्यवस्थेत नेण्याची त्यामुळे गरज उरत नाही.

कर आणि राज्याबाहेरील मालमत्ता

समाईक व्यवस्थेची दखल प्राप्तिकरातही घेतली गेली. प्राप्तिकर कायद्यातील तरतुदीनुसार अशा जोडप्याचे घरभाडे, व्याज, व्यवसाय आदींचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. पगार मात्र ज्याचा त्याचाच राहतो. विभक्त व्यवस्था निवडणाऱ्यांना ही विभागणी मिळत नाही. त्यामुळे निर्णयापूर्वी करसल्लागाराशीही बोलावे.

गोमंतकीयाची मालमत्ता मुंबईत असली, तरी तिच्या वारसाहक्काला गोव्याचाच कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला. घर पुण्यात घेतले म्हणून गोव्याचा कायदा मागे राहील, असे समजू नये. वर किंवा वधू यांपैकी एक गोव्याबाहेरील असल्यास, अथवा विवाह गोव्याबाहेर होणार असल्यास, कोणता कायदा लागू होईल, हे गोव्यात काम करणाऱ्या वकिलाकडून लेखी समजून घ्यावे.

सहीपूर्वीची तयारी

दोघांनी आपापल्या मालमत्तेची व कर्जांची प्रामाणिक यादी करून एकमेकांना दाखवावी. जमिनीचे फॉर्म १ व १४ चे उतारे, फ्लॅटची कागदपत्रे, बँक ठेवी, गृहकर्ज, आणि इन्व्हेंटरी प्रकरण प्रलंबित असल्यास त्याची माहिती त्यात असावी. शक्यतो दोघांचे वकील वेगळे असावेत. एकाच कुटुंबाने आणलेला मसुदा दुसऱ्याने न वाचता सही करू नये. दस्त इंग्रजीत असल्यास त्यातील प्रत्येक कलम मराठी किंवा कोकणीत समजावून घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. नोंदणीच्या तारखेआधी किमान काही आठवडे हाताशी ठेवावेत, कारण घाईत केलेल्या सहीचा पश्चात्ताप दुरुस्त करण्याची सोय या कायद्यात नाही.

आणि मसुदा पुढे आलाच, तर एकच प्रश्न प्रथम विचारावा : उद्या आपल्या दोघांपैकी एकच उरला, तर या कागदाप्रमाणे त्याच्याकडे राहायला घर असेल का?