तेल गेले, हाती काय राहिले?

जमिनीत मुरलेले पेट्रोल कालांतराने आपोआप नाहीसे होते म्हणतात, ते खरे का, असे मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारले होते. आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे, त्यामुळे ‘नाहीसे होणे’ म्हटले की आमचे कान टवकारतात. सांख्यांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे की आहे ते ‘नाही’ होत नाही, फक्त रूप पालटते. तेव्हा आज रूप पालटण्याचाच इतिहास बघू या. तो घडला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात.

20 ऑगस्ट 1979. बेमिजी गावाच्या वायव्येला, साधारण 16 किलोमीटरवर, जमिनीखालून जाणारी कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली. सुमारे 17 लाख लिटर तेल बाहेर आले. खड्ड्यांत साचलेले पंपाने उपसले, चर खणले, माती उचलली, काही तेल जाळले. एवढे करूनही जवळपास 4 लाख लिटर खाली राहिलेच. तिथली जमीन हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-खडीची. तेल त्यातून झिरपत भूजलापर्यंत गेले आणि पाण्यावर तवंगासारखे बसले.

आता खरी गोष्ट सुरू होते. 1983 मध्ये अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याने तिथे संशोधन सुरू केले. राहिलेले तेल उपसायची घाई न करता त्याचे काय होते ते बघत बसायचे! निरीक्षणविहिरी खोदायच्या, नमुने घ्यायचे, पुढच्या वर्षी पुन्हा घ्यायचे. ऐकायला रटाळ वाटते, पण जे कळले ते या चिकाटीमुळेच कळले.

1990च्या दशकाच्या मध्यापर्यंतचा हिशेब असा. भूजल जितक्या वेगाने वाहत होते, त्या वेगाने विरघळलेले घटक त्याच्याबरोबर गेले असते तर ते 500 मीटरपर्यंत पोचायला हवे होते. प्रत्यक्षात ते 200 मीटरच्या आसपास थबकले होते. म्हणजे वाटेत कोणीतरी त्यांना खात होते.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे मातीतले जिवाणू. हायड्रोकार्बन खाणारे सूक्ष्मजीव असतात हे नवे नव्हते, क्लॉड झोबेलने 1946 मध्ये त्यावर मोठा आढावा लिहिला होता. पण या जेवणाला प्राणवायू लागतो अशी समजूत होती, आणि तेलाजवळचा प्राणवायू तर लवकरच संपतो. मग पुढे कसे? वाळूच्या कणांवर लोहाचा तांबूस थर असतो, गंजासारखा. आपण प्राणवायू वापरतो तसे हे जिवाणू त्या लोहावर ‘श्वास’ घेतात! 1989 मध्ये डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये हे मांडले. लोहही संपले, की मिथेन तयार करणारी मंडळी पुढचे काम उचलतात. सगळे अंधारात, अत्यंत सावकाश.

जाता जाता एक गंमत. बेमिजीला तेल सांडल्यानंतर वर्षभराच्या आतच, जून 1980 मध्ये, आपल्या आनंदमोहन चक्रवर्तींच्या तेल खाणाऱ्या जिवाणूचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. पाच विरुद्ध चार मतांनी सजीवावर पेटंट मंजूर झाले. जगभर गाजावाजा झाला. बेमिजीच्या वाळूतल्या मंडळींना कोण विचारतो!

पुढे ही गोष्ट प्रयोगशाळेतून कचेरीत गेली, आणि तिथे आम्हाला जरा काळजी वाटते. 1995 मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातल्या इंधन गळतीच्या 271 जागा तपासून सांगितले, की बेंझीन बहुधा फार लांब पसरत नाही. झाले! ज्यांना साफसफाईचा खर्च नको होता, त्यांना आयते कारण मिळाले. आणि पुढच्याच वर्षी सांता मोनिका शहराला पिण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. त्यांत एमटीबीई सापडले होते. पेट्रोल चांगले जळावे म्हणून घातलेले हे रसायन पाण्यात सहज विरघळते आणि जिवाणूंना सहजी पचत नाही. शहराचा निम्म्याच्या आसपास पाणीपुरवठा गेला. 1999 मध्ये पर्यावरण खात्याने नियमावली काढली तेव्हा नुसते ‘नैसर्गिक क्षीणन’ न म्हणता ‘देखरेखीखालचे’ हा शब्द पुढे जोडला. तो एक शब्द फार मोलाचा आहे हो. देखरेख काढून टाकली, तर उरते ती नुसती हयगय.

आणि बेमिजी? तिथे लोकांनी बघणे सोडले नाही, म्हणून आणखी एक गोष्ट हाती लागली. वाळूतल्या त्या लोहाला नैसर्गिक आर्सेनिक चिकटलेले होते. जिवाणूंनी लोह वापरले, ते विरघळले, आणि आर्सेनिक सुटून पाण्यात आले. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ही मर्यादा, तिथे काही नमुन्यांत 230 पर्यंत सापडले. म्हणजे तेल पचवण्याच्या क्रियेतूनच दुसरे विष सुटले, आणि तेही निसर्गाचेच. फक्त बेंझीन मोजत बसलो असतो, तर ‘जागा सुधारते आहे’ असा शेरा मारून मोकळे झालो असतो.

आपल्याकडे कोणी बेमिजीचा दाखला देऊ लागले, तर पहिल्यांदा खालची जमीन विचारा. तिथे वाळू आहे, पाणी कणाकणांतून जाते. दख्खनच्या काळ्या पाषाणात ते मुरमातून आणि भेगांतून धावते, आणि कुठली भेग कोणाच्या विहिरीत उघडते हे वरून दिसत नाही. पेट्रोल पंपाशेजारच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्याला ‘थांबा, जिवाणू काम करताहेत’ असे सांगायचे असेल, तर आधी त्याच्या विहिरीचा नमुना घ्यावा लागेल. आणि पुढच्या वर्षी पुन्हा.