कामगारांच्या वतीने बोलायचं कोणी? वॉपिंगच्या छापखान्याची गोष्ट

आपल्या सोसायटीचे पहिले सभासद झालेल्यांत छापखान्यातली मंडळी बरीच होती. कोणी जुळारी, कोणी मशीनमन, कोणी बाइंडर, तर कोणी मुद्रितशोधक. स्मरणिकेत सोसायटीची पाण्याची टाकी, लिफ्ट, गणेशोत्सव यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. म्हणून मी आमच्या धंद्यातला एक जुना विषय घेतला आहे. तो लंडनचा आहे, पण वाचताना आपल्याकडच्या पुष्कळ गोष्टी आठवतील. एकाच छापखान्यात दोन-तीन युनियन असल्या, तर कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? या प्रश्नावर 1986 साली लंडनच्या वॉपिंग भागात जे झालं, त्याची ही हकीकत.

आधी थोडी पार्श्वभूमी. लंडनची फ्लीट स्ट्रीट म्हणजे वर्तमानपत्रांची गल्ली. तिथल्या छापखान्यांत युनियनची पकड इतकी पक्की होती, की युनियनच्या कार्डाशिवाय नोकरी मिळणं जवळजवळ अशक्य. छापखान्यातल्या युनियनच्या शाखेला तिथे ‘चॅपल’ म्हणजे प्रार्थनागृह म्हणत आणि शाखेच्या प्रमुखाला ‘फादर’. किती माणसं लागतील, कोणत्या पाळीत कोण, ओव्हरटाइम कोणाला, हे पुष्कळदा हा फादरच ठरवी. मालकांना ते खुपायचं. पण वर्तमानपत्र हा नाशवंत माल. आजचा अंक उद्या विकता येत नाही. एक रात्र मशीन बंद राहिलं तर त्या रात्रीचं उत्पन्न बुडालंच. त्यामुळे मालक नमते घेत.

पण ‘युनियनची पकड’ म्हटलं की एकच युनियन डोळ्यांसमोर येते. वस्तुस्थिती तशी नव्हती. नॅशनल ग्राफिकल असोसिएशन, म्हणजे एनजीए, ही कुशल कारागिरांची संघटना. खिळे जुळवणारे आणि मशीन चालवणारे तिचे सभासद. दुसरी सोगॅट. तिच्यात मदतनीस, बाइंडिंगवाले, गठ्ठे बांधून गाडीत चढवणारे आणि कारकून. सोगॅट मुळात 1966 साली दोन संघटना एकत्र येऊन झाली, काही वर्षांत फुटली आणि 1982 साली पुन्हा जोडली गेली. एनजीए आणि सोगॅट यांच्यात हद्दीचे वाद कायमचे. हे काम कारागिराचं की मदतनिसाचं, यावरून मशीन थांबायचं. तिसरी पत्रकारांची युनियन आणि चौथी इलेक्ट्रिशियन लोकांची, ईईटीपीयू. ही चौथी पुढे महत्त्वाची ठरली.

आमच्या छापखान्यातही हेच होतं. जुळाऱ्याने फर्मा उचलायचा नाही आणि मशीनमनने खिळ्याला हात लावायचा नाही. हद्द ओलांडली की बोंबाबोंब. ते हास्यास्पद वाटतं, पण त्यामागे भीती होती. माझं काम दुसऱ्याला करता आलं, तर माझी गरज काय?

लंडनच्या जुळाऱ्यांची ही भीती खरी ठरायची वेळ सत्तरच्या दशकात आली. पूर्वी बातमीदार बातमी टाइप करी आणि मग जुळारी तीच बातमी पुन्हा लायनोटाइपवर टाइप करी. संगणक आल्यावर बातमीदाराने टाइप केलेलंच थेट पानावर जाऊ लागणार होतं. म्हणजे मधला माणूस गेला. एनजीएचं म्हणणं, शेवटचा कळफलक आमच्या माणसाच्याच हातात हवा. ‘टाइम्स’च्या तेव्हाच्या मालकांनी या वादापायी वर्तमानपत्र डिसेंबर 1978 पासून जवळजवळ वर्षभर बंद ठेवलं, तरी तोडगा निघाला नाही. अखेर 1981 साली त्यांनी तो कारभार रूपर्ट मर्डॉक यांना विकून टाकला. मर्डॉक यांच्याकडे ‘सन’ आणि ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ आधीपासूनच होते. आता ‘टाइम्स’ आणि ‘संडे टाइम्स’ही आले.

मर्डॉक यांनी लंडनच्या पूर्वेला गोदीच्या भागात, वॉपिंगला, मोठा छापखाना उभारला. ‘लंडन पोस्ट’ नावाचं नवं सायंदैनिक तिथून काढणार, असं बाहेर सांगितलं. आत मात्र चारही वर्तमानपत्रं निघतील अशी संगणकाची यंत्रणा बसत होती. मशीनवर माणसं लागणार, ती आणायची कुठून? इथे इलेक्ट्रिशियन युनियनचा संबंध आला. नव्या कामगारांपैकी पुष्कळांची भरती तिच्या साउदॅम्प्टन शहरातल्या कार्यालयामार्फत झाली. बसमध्ये बसवून त्यांना वॉपिंगला आणलं जाई.

कंपनीने छपाईच्या युनियनांपुढे अटी ठेवल्या. संप करायचा नाही, कार्डाची सक्ती नाही, करार कायद्याने बंधनकारक आणि माणसं कुठे कशी वापरायची हे व्यवस्थापन ठरवणार. एनजीए आणि सोगॅट यांना हे मान्य होण्यासारखं नव्हतं. अशा अटींवर करार करायला ईईटीपीयू मात्र तयार होती. तिचे नेते एरिक हॅमंड यांचं धोरणच तसं होतं. त्यांचा हिशोब असा, की नवं तंत्र येणारच आहे, तर ते चालवणारे आमचे सभासद असोत.

24 जानेवारी 1986 रोजी छपाई कामगार संपावर गेले. त्यांनी आधी रीतसर मतदान घेतलं होतं. पण संप म्हणजे नोकरीच्या कराराचा भंग, असं धरून कंपनीने सुमारे साडेपाच हजार कामगारांना बडतर्फ केलं. नेहमीप्रमाणे कपात केली असती तर भरपाई द्यावी लागली असती. ती या मार्गाने टळली. आणि त्याच शनिवारी-रविवारी वॉपिंगची मशीनं सुरू झाली. साडेपाच हजार माणसांवाचून वर्तमानपत्र निघू शकतं, हे लंडनने पाहिलं.

पुढे वर्षभर लोक वॉपिंगच्या फाटकासमोर उभे राहिले. शनिवारी रात्री गर्दी सर्वांत मोठी. पोलीस, घोडे, दगडफेक, लाठ्या, सगळं झालं. पण अंक अडले नाहीत. पूर्वी अंक रेल्वेने जात आणि रेल्वे कामगार छपाईवाल्यांच्या बाजूने उभे राहतील ही धास्ती असे. म्हणून कंपनीने आधीच ट्रकची व्यवस्था करून ठेवली होती. शिवाय 1980 आणि 1982 च्या कायद्यांनी, ज्या मालकाशी भांडण आहे त्याच्याबाहेर बहिष्कार टाकायला बंधन घातलं होतं. सोगॅटने अंक वाटणाऱ्या घाऊक विक्रेत्यांकडच्या आपल्या सभासदांना बहिष्कार घालायला सांगितलं, तशी न्यायालयाने तिची सुमारे 1 कोटी 70 लाख पौंडांची मालमत्ता ताब्यात घेतली. युनियनकडे संप चालवायला ऑफिसचा फोनसुद्धा मोकळा राहिला नाही, म्हणा ना.

मग सर्व कामगार संघटनांची शिखर संस्था, टीयूसी, काय करत होती? तिच्याकडे 1939 पासूनचे नियम होते. एका युनियनने दुसरीचे सभासद पळवायचे नाहीत आणि दुसरीच्या हद्दीत परस्पर करार करायचा नाही. त्या नियमांनुसार इलेक्ट्रिशियन युनियनची चौकशी झाली, तिला आदेशही दिले. पण तुमच्या सभासदांना वॉपिंगचं छपाईचं काम थांबवायला सांगा, असा आदेश मात्र दिला नाही. मधल्या काळात कंपनीने पाच कोटी पौंडांची भरपाई देऊ केली, ती कामगारांनी मतदानात नाकारली. अखेर फेब्रुवारी 1987 मध्ये लढा मागे घेतला गेला. गेलेल्या नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत.

इथपर्यंत ही ‘एका युनियनने दुसरीला दगा दिला’ अशी सरळ गोष्ट वाटते. पुढचं ऐका. ज्या इलेक्ट्रिशियन युनियनच्या माणसांनी वॉपिंग चालवलं, तिलाही तिथे मान्यता मिळाली नाही. काम झाल्यावर कंपनीला कोणतीच युनियन नको होती. पुढे कंपनीच्या आशीर्वादाने कर्मचाऱ्यांची एक संघटना निघाली. 2001 साली ती स्वतंत्र संघटना म्हणून प्रमाणपत्र मागायला गेली, तर ते नाकारलं गेलं. ईईटीपीयूला टीयूसीने 1988 साली बाहेर काढलं, तेही दुसऱ्या कंपन्यांतल्या अशाच करारांवरून.

आणि याहून मोठी गंमत, खरं तर दुःखाची गोष्ट. एनजीए आणि सोगॅट 1991 साली एक झाल्या. हद्दीवरून आयुष्यभर भांडल्या आणि हद्दच उरली नाही तेव्हा एकत्र आल्या. ही एकत्र संघटना 2004 साली ॲमिकस नावाच्या मोठ्या युनियनमध्ये विलीन झाली. इलेक्ट्रिशियन युनियनही विलीन होत होत त्याच ॲमिकसमध्ये पोचली होती. 2007 साली ॲमिकसमधून ‘युनाइट’ झाली. म्हणजे 1986 मध्ये फाटकाच्या बाहेर उभे असलेले आणि बसमधून आत जाणारे, दोघांचीही संघटना वीस-एकवीस वर्षांनी एकच! हे शहाणपण आधी सुचलं असतं तर साडेपाच हजार घरांचं काय झालं असतं, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. नुसतं एकत्र येऊन नवं तंत्र थांबलं नसतं, हेही खरं. पण किती नोकऱ्या जातील, किती लोकांना नवं काम शिकवायचं, किती पैसे मिळतील, हे तरी टेबलावर बसून ठरलं असतं.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात एका कारखान्यात अनेक युनियन असतील तर ‘मान्यताप्राप्त’ कोणती, हे 1971 च्या कायद्याने ठरत आलं आहे. त्याचं लांबलचक नाव आपण ‘एमआरटीयू पल्प’ असं उच्चारतो. किमान 50 कामगारांच्या कारखान्यात, अर्जाच्या आधीचे सलग सहा महिने ज्या युनियनकडे किमान 30 टक्के सभासद असतील, तिला औद्योगिक न्यायालयात अर्ज करता येतो. तिला मिळालेली मान्यता हिसकावायची तर दुसरीने आपले सभासद जास्त आहेत हे सिद्ध करावं लागतं आणि तेही आधीच्या मान्यतेला किमान दोन वर्षं झाल्यावर. मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार सर्वांना लागू. तुम्ही तिचे सभासद असा की नसा.

इथे एक बारीक गोष्ट आहे. हा कायदा मतं मोजत नाही, वर्गणीच्या पावत्या मोजतो. मी ज्या छापखान्यात होतो तिथे दोन युनियन होत्या. पडताळणीचे दिवस आले की दोघांचे पावतीबुकवाले केसच्या खणांमधून फिरत. काही जण दोघांचीही पावती फाडत. कोणाला दुखवायचं नाही म्हणून. मग शपथपत्रं, तक्रारी, तारखा. डबा खायच्या टेबलाचेही दोन भाग झाले होते. आणि या धावपळीत कोणाची मोजदाद होत नव्हती, तर बाइंडिंगमध्ये रोजंदारीवर घडी घालणाऱ्या बायकांची. त्यांच्याकडे पावतीच्या वर्गणीपुरते पैसे होते, पण हजेरीपटावर नाव नव्हतं. ऑफसेट आणि डीटीपी आलं तेव्हा आमच्यासाठी निदान कराराचा कागद झाला. त्यांना एक दिवस ‘उद्या येऊ नका’ एवढंच सांगण्यात आलं.

म्हणून गुप्त मतदानाने युनियन ठरवा, ही मागणी जुनी आहे. 1982 च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते आणि कायद्याने प्रतिनिधी मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघ. गिरण्यांना 1946 चा वेगळा कायदा लागू होता, पण पेच तोच. ज्याच्याशी बोलायचं त्याच्यामागे माणसं नाहीत आणि ज्याच्यामागे माणसं आहेत त्याच्याशी बोलायचं नाही. त्याचा शेवट आपण परळ-लालबागला जाऊन आजही बघू शकतो. 2020 साली संसदेने मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत 51 टक्के पाठिंबा असलेली युनियन एकटीने वाटाघाटी करील आणि तसा कोणालाच नसेल तर 20 टक्क्यांवरच्या युनियनांची मिळून परिषद बसेल, अशी तरतूद आहे. भांडणाऱ्यांनी एका टेबलावर बसावं, ही कल्पना मला तरी बरी वाटते.

शेवटी आपल्या सोसायटीबद्दल एकच सांगतो. प्रवर्तक मंडळात आमच्या छापखान्यातल्या दोन्ही युनियनांची माणसं होती. मुख्य प्रवर्तक एकीचे, खजिनदार दुसरीचे. पहिल्या सभेत दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. पण सहकाराच्या कायद्यात एक सभासद, एक मत. पावत्या कोणाच्या जास्त, हा प्रश्नच नाही. इतिवृत्ताची वही, हिशोब तपासनीस, सर्वसाधारण सभा, ही शिस्त दोघांनाही युनियनमुळे आधीपासून ठाऊक होती, त्यामुळे काम सुरळीत झालं. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडेही दोन गट पडले, निवडणुका रंगल्या, नोटिसा गेल्या. व्हायचंच. पण गच्ची गळते तेव्हा ती दोन्ही गटांच्या डोक्यावर गळते. पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आहे. बिल्डरपुढे बसायची वेळ येईल तेव्हा आपल्या वतीने बोलणारी समिती एकच असावी आणि तिच्यामागे सगळे असावेत. समितीत कोणाला घ्यायचं यावर आत्ता हवं तेवढं भांडून घ्या. आणि भाडेकरू, पागडीवाले, तळमजल्यावरचे दुकानदार यांनाही त्या चर्चेला बोलवा. हजेरीपटावर नाव नाही म्हणून ज्यांना मोजलं नाही, त्यांचं काय होतं ते मी बघितलं आहे.