रोमा मुलांच्या शाळा आणि स्ट्रासबर्गचा निकाल

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक प्रश्न नेहमी ऐकावा लागतो: 'जातीवरून भेदभाव केला, याला पुरावा काय?' युरोपातील रोमा समाजालाही असाच प्रश्न विचारला गेला. त्यांनी आकड्यांनी उत्तर दिले.

प्रकरण काय होते?
चेक प्रजासत्ताकातील ओस्ट्रावा शहरात १९९६ ते १९९९ या काळात १८ रोमा मुलांना 'विशेष शाळां'त घालण्यात आले. या शाळा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी होत्या. अभ्यासक्रम खालच्या पातळीचा, त्यामुळे पुढील शिक्षणाची वाट अरुंद. घटनात्मक न्यायालयाने १९९९ मध्ये दाद नाकारली. २००० मध्ये, युरोपियन रोमा राइट्स सेंटरच्या पाठबळावर, ही मुले स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. देशातले कायदेशीर मार्ग संपल्यावर युरोप परिषदेच्या सदस्य देशाविरुद्ध सामान्य माणूसही तिथे थेट अर्ज करू शकतो.

पुरावा काय दिला?
शहरातील प्राथमिक शाळांत रोमा मुले २.२६ टक्के होती. विशेष शाळांत मात्र ५६ टक्के. रोमा मूल विशेष शाळेत जाण्याची शक्यता इतरांच्या २७ पट होती.

निकाल
२००६ मध्ये न्यायालयाच्या छोट्या पीठाने अर्ज फेटाळला. अर्जदारांनी हार मानली नाही. १३ नोव्हेंबर २००७ रोजी महापीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यातील तीन मुद्दे महत्त्वाचे:
१. भेदभावाचा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही. परिणाम पुरेसा आहे.
२. विश्वसनीय आकडेवारी प्रथमदर्शनी पुरावा ठरते; मग खुलासा सरकारने करायचा.
३. पालकांनी संमतीपत्रावर सही केली म्हणून भेदभाव वैध होत नाही.
प्रत्येकी ४,००० युरो भरपाई मिळाली. शाळांतील विभागणी मात्र पुढेही अनेक वर्षे चालू राहिली. निकालाच्या अंमलबजावणीसाठी वेगळा लढा द्यावा लागतो.

आपल्यासाठी काय?
अमेरिका खंडात आणि आफ्रिकेत प्रादेशिक मानवी हक्क न्यायालये आहेत. दक्षिण आशियात नाही. आपल्याकडे संविधानाचे कलम ३२ आहे. बाबासाहेबांनी त्यालाच संविधानाचा आत्मा म्हटले होते. पण न्यायालय कोणतेही असो, नोंदी लागतातच. म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यापासून सुरुवात करावी: कोणत्या शाळेत कोणाची मुले, गळती कोणाची, शिष्यवृत्ती कोणाची अडली. तारीख घालून लिहून ठेवा.