माळवदाचा गारवा

लोहाऱ्याकडचे जुने घर म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर जाड मातीचे माळवद. वैशाखातही आत गारवा असे. त्याचे प्रमाणपत्र कुणी मागितले नाही. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, धरणी हादरली आणि सास्तूरसारख्या गावांत तीच माती माणसांवर कोसळली. नवी गावे वसली ती भूकंपाला टिकणाऱ्या घरांची. भिंती पातळ झाल्या, माळवद गेले आणि त्याबरोबर गारवाही गेला.

आता सरकारलाच गारवा हवा आहे. २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीने ५०० चौरस मीटर वा अधिक भूखंडावरील नव्या बांधकामास पर्जन्यजलसंचय सक्तीचा केला. हरित इमारतींच्या ‘गृहा’ मानांकनात तीन, चार वा पाच तारे मिळविणारास अनुक्रमे ३, ५ व ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र देऊ केले. पुणे महापालिकेने तर सौरऊर्जा, गांडूळखत वा पर्जन्यजलसंचय करणारास मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट दिली.

योजना चांगली खरी. पण वाढीव चटईक्षेत्र मजले चढविणाराच्या कामाचे. दोन खोल्या बांधणाऱ्या लोहाऱ्याच्या शेतकऱ्याने ते घेऊन काय करावे? त्याला हवे आहे भूकंपाला न डगमगणारे आणि उन्हाळ्यात न तापणारे छप्पर. सवलत द्यायची तर त्या छपराला द्यावी.