दोनाचे दहा

रात्री ९.३०. रविवार, २ डिसेंबर १९८४. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात पाइपलाइन पाण्याने धुवायला घेतली. धुताना पाणी पुढे जाऊ नये म्हणून पाइपात एक बंद चकती बसवायची असते. ती बसवलेली नव्हती. ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४१ टन मिथिल आयसोसायनेट होते, सेव्हिन या कीटकनाशकाचा कच्चा माल. टाकीत पाणी नेमके कुठून शिरले यावर कंपनी आणि कामगार यांचे एकमत कधीच झाले नाही. ते शिरले, यावर मात्र वाद नाही.

हे रसायन शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचे असते. पण टाकी थंड ठेवणारे यंत्र जूनपासून बंद होते. तापमान १५ ते २० अंशांत राहायचे, आणि तापमानाचा अलार्मही बंद ठेवलेला होता.

१०.२०. टाकीचा दाब चौरस इंचाला २ पौंड.

१०.४५. पाळी बदलली.

११.००. नव्या पाळीतल्या माणसाने काटा पाहिला : १०. नेहमीची मर्यादा २ ते २५ पौंडांची. दोन मर्यादेत, दहाही मर्यादेतच. नोंद झाली आणि काम पुढे चालू राहिले.

मला या चाळीस मिनिटांपाशी थांबावेसे वाटते. दाब पाचपट झाला होता, पण पहिला आकडा एका पाळीचा आणि दुसरा दुसऱ्या पाळीचा. दहातून दोन वजा करणे हे कुणाचेच काम नव्हते. टाकीत पाणी आणि आयसोसायनेट यांची क्रिया सुरू झाली होती. त्यातून उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता, त्या उष्णतेने क्रिया आणखी वेग घेत होती. साठवणीची टाकी एव्हाना रिॲक्टर झाली होती.

अवरक्त प्रकाशाला हे दिसले असते. अवरक्त वर्णपटात आयसोसायनेटचा शोषणपट्टा २२७० प्रति सेंटीमीटरच्या आसपास उमटतो, आणि तो इतका ठळक की रसायनशास्त्राचा विद्यार्थीही चटकन ओळखतो. टाकी भरलेली असताना त्या पट्ट्यात सुरुवातीला पडणारी घट मात्र नजरेत भरणार नाही. पाहायचे ते शेजारी, २३४० च्या जवळ : विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे शिखर, जे तिथे असायलाच नको. मोठ्यातली घट मोजण्यापेक्षा शून्यातून उगवलेले ओळखणे सोपे. संगणकाला त्यासाठी फक्त एवढेच सांगावे लागते, की आत्ताच्या आलेखातून मघाचा आलेख वजा कर.

औषध कारखान्यांतल्या बायोरिॲक्टरमध्ये प्रकाशाने असे आत पाहत राहणे आज रोजचे काम झाले आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात दाखवलेला प्रकाश विखुरण्याचा परिणाम तिथे कामी येतो, कारण पाण्याचा रामन संकेत क्षीण असतो आणि पाण्यात विरघळलेली साखर त्यातून उठून दिसते. ग्लुकोज, लॅक्टेट, प्रथिने यांची शिखरे एकमेकांत गुंतलेली असतात. प्रयोगशाळेत मोजलेल्या नमुन्यांवर घडवलेले गणिती मॉडेल ती सोडवते, आणि साखर कमी होताच पंप आपोआप सुरू होतो. पेशींच्या एका बॅचची किंमत मोठी, म्हणून तिच्यावर दर काही मिनिटांनी नजर जाते. हीच दक्षता वस्तीजवळच्या साठवण टाकीला का नको?

११.३०. कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. त्या कारखान्यात गळती कळायची ती अशीच, डोळ्यांनी आणि नाकाने. गळती सापडली. चहानंतर पाहू, असे ठरले.

१२.४०. चहा संपला. काटा मर्यादेच्या बाहेर गेला होता आणि चढत होता. थोड्याच वेळात तो ५५ च्या टोकाला टेकला. टाकीवरचा काँक्रीटचा थर तडकू लागला.

त्यानंतर सुरक्षा झडप उघडली. वायू धुऊन निरुपद्रवी करणारा मनोरा एवढ्या लोंढ्याला पुरा पडला नाही. वायू जाळणारी मशाल बंद होती, तिच्या पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. वायू सुटत होता सुमारे ३३ मीटरवरून. पाण्याचे फवारे तिथवर पोचलेच नाहीत. लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला, आणि तो पुन्हा जोरात वाजला तोवर पहाटेचे दोन वाजून गेले होते. तात्काळ मृत्यूंचा सरकारी आकडा २,२५९. पुढच्या वर्षांतले त्याहून कितीतरी जास्त.

हे मी उरणजवळच्या मोरा बंदरात बसून लिहितो आहे. इथून समोर घारापुरी दिसते, डावीकडे जवाहर द्वीपावरच्या तेलटाक्या, पाठीमागे उरणचा ओएनजीसी प्रकल्प. ३ सप्टेंबर २०१९, दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाचा दिवस. सकाळी सातच्या सुमारास त्या प्रकल्पात पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या गटारात आग लागली. चारजण गेले. त्यांतले तिघे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे अग्निशामक होते. प्रकल्पाकडे येणारा वायू गुजरातेत हजिराकडे वळवावा लागला.

हलके तेल पाण्यावर तरंगते, त्याची वाफ हवेपेक्षा जड म्हणून गटारातच पसरते, आणि हवेत एखादा टक्का झाली तरी पेट घेऊ शकते. हायड्रोकार्बन अवरक्त प्रकाश शोषतात, त्यामुळे ती वाफ पेटण्याआधी पकडता येते. मात्र उपकरण बसवले म्हणजे काम संपले, असे नाही. काचेवर थर बसतो, पावसाळ्यात आधाररेषा सरकते, आणि खोटे वाजू लागलेले उपकरण कुणीतरी वैतागून बंद करते. म्हणून मोजणी ठरावीक दिवसांनी नमुन्याशी पडताळायला हवी, आणि अलार्म बंद करणाऱ्याला कारण व सही नोंदवणे सक्तीचे हवे.

उरण तालुक्यातल्या प्रत्येक धोकादायक टाकीवर आणि तिच्या गटारावर अशी मोजणी असावी. केवळ मर्यादा ओलांडल्यावर नव्हे, तर दोनाचे दहा होतानाच इशारा मिळावा, आणि तो पाळीच्या वहीत न अडकता त्याच क्षणी तहसील कार्यालयात आणि आमच्या वस्तीतल्या भोंग्यावर पोचावा. भोंगा वाजवायला व्यवस्थापकाच्या परवानगीची अट नको.