जुनी मोटारसायकल : किंमत आणि मोल

दसऱ्याच्या सकाळी देवळाच्या अग्रशाळेबाहेर वाहनांची जी रांग लागते, ती पाहण्यासारखी असते. धुऊन-पुसून लखलखीत केलेल्या गाड्या, हँडलला झेंडूची माळ, दिव्याच्या काचेवर कुंकवाचे बोट, चाकाखाली लिंबू. नव्या स्कूटरींच्या त्या गर्दीत एखादी काळी बुलेट अथवा तांबूस रंगाची जावा उभी असली, की चार माणसे तिच्याभोवती हटकून जमतात. कोणी टाकीवरून हात फिरवितो, कोणी साल विचारतो, आणि मग तो प्रश्न येतोच : "आज विकायला काढली तर काय येतील हो हिचे?" मालक नुसता हसतो. घरी मात्र त्याच्यापुढे दुसरा प्रश्न वाढून ठेवलेला असतो : पडवीतले हे धूड अजून किती वर्षे सांभाळायचे?

हे दोन्ही प्रश्न एकच आहेत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भाव चांगला येत असेल तर ठेवावी, येत नसेल तर काढून टाकावी, असा सरळ हिशेब मांडला जातो. आमच्या मते हे प्रश्न भिन्न आहेत. ते भिन्न कसे, हे कळण्यास आपल्या देशातील मोटारसायकलीचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास थोडा चाळून पाहिला पाहिजे.

बुलेटचे मूळ इंग्लंडातील रेडिच या गावी. रॉयल एन्फील्डच्या कारखान्याने हे नाव १९३२ साली प्रथम वापरले. स्वातंत्र्यानंतर सीमेवरील गस्तीसाठी आपल्या लष्करास दणकट मोटारसायकल हवी होती, आणि साडेतीनशे सीसीची बुलेट त्या कसोटीस उतरली. मद्रास मोटर्स या पेढीने ती येथे आणली. १९५५ साली त्या पेढीच्या व इंग्रज कारखान्याच्या भागीदारीतून एन्फील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे आधी सुटे भाग आणून जोडणी होऊ लागली; पुढे ते भागही येथेच घडू लागले. दरम्यान मूळ वृक्षच वठला. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला, आणि थोड्याच वर्षांत इंग्लंडातील उत्पादन अजिबात थांबले. मद्रासेत लावलेली फांदी मात्र फोफावली, इतकी की १९७७ पासून तीच बुलेट विलायतेस जाऊ लागली. लोखंडी ओतीव सिलिंडरचे ते जुने यंत्र थोड्याफार फेरफाराने या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरपर्यंत बनत राहिले. बुलेटच्या टिकून राहिलेल्या भावाचे रहस्य येथे आहे. ज्या यंत्राची घडण अर्धशतक फारशी बदलली नाही, त्याचा सुटा भाग कोठे ना कोठे मिळतो आणि तो बसविणारा हातही सापडतो.

परंतु भाव ठरविणारी शक्ती केवळ यंत्राच्या गुणांत नसते. परवान्यांच्या त्या काळात कोणत्या कारखान्याने किती गाड्या काढाव्यात, हेही सरकार ठरवीत असे. पुण्याजवळ आकुर्डी येथे बनणाऱ्या बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. त्यामुळे हाती आलेली स्कूटर दुसऱ्याच दिवशी विकावयास काढली, तरी कारखान्याच्या दरापेक्षा अधिक पैसे मिळत. वापरलेली वस्तू नव्या वस्तूहून महाग, असा हा उलटा न्याय त्या पिढीने पाहिला आहे. वाहन ही मालमत्ता आहे, ती ठेवली की वाढते, ही जी समजूत अनेक घरांत अद्याप रुजलेली दिसते, तिचे मूळ आम्हांस त्या टंचाईत वाटते. टंचाई सरली, ती समजूत तेवढी उरली.

जावाची कथा याहून वेगळी आहे. चेकोस्लोव्हाकियातील या गाडीची परवानगी घेऊन इराणी मंडळींनी म्हैसूर येथे आयडियल जावा हा कारखाना काढला आणि १९६०-६१ च्या सुमारास तेथे उत्पादन सुरू झाले. एकच सिलिंडर, पण धुराच्या नळ्या दोन. किक मारण्याचा दांडाच पुढे वळवून गियर टाकण्यास वापरावयाचा, अशी तिची ओळख. १९७३ साली गाडीचे नाव येझदी झाले. पुढे १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० रस्त्यावर आली. एका लिटरात ऐंशी किलोमीटर, ही तिची जाहिरात. पगारावर घर चालविणाऱ्या माणसाने हिशेब केला, आणि दोन नळ्यांतून निळसर धूर सोडणाऱ्या येझदीकडे पाठ फिरविली. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्यानंतरच्या काळात कित्येक जावा व येझदी भंगाराच्या भावाने गेल्या. आज त्याच गाड्यांसाठी लोक गावोगाव हिंडतात. जुलै महिन्यातील दुसऱ्या रविवारी त्यांचे मालक एकत्र जमून जावा-येझदी दिन साजरा करतात. ही आवड पाहूनच २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी या नावांच्या नव्या गाड्या बाजारात आल्या.

राजदूत ३५० चे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. जपानच्या यामाहाच्या सहकार्याने एस्कॉर्ट्सने १९८३ साली ही दोन सिलिंडरांची वेगवान गाडी काढली. ती महाग होती आणि पेट्रोल भरपूर पीत असे. गिऱ्हाईक थोडे मिळाले, आणि दशक संपता संपता ती बंद झाली. आज जुन्या गाड्यांच्या शौकिनांत तिला जो मान आहे, तो तिच्या समकालीन काटकसरी गाड्यांपैकी क्वचितच कोणास असेल. ज्या दुर्मिळतेमुळे हा मान वाढला, ती दुर्मिळता मूळच्या अपयशातूनच आलेली आहे.

या इतिहासातून वाचकांनी कोणता बोध घ्यावा? विकत घेतेवेळी पुढच्या भावाचा अंदाज कोणासच बांधता आला नाही, हा पहिला. ज्याने १९९० च्या दशकात येझदी भंगारात दिली, तो मूर्ख नव्हता. ज्याने ती गोठ्यात झाकून ठेवली, तो द्रष्टाही नव्हता. दुसरा बोध असा की, जुनी झाली म्हणून कोणतीही गाडी मौल्यवान होत नाही. लाखोंच्या संख्येने बनलेल्या काटकसरी मोटारसायकली जुन्या होतात, झिजतात, आणि त्यांचा भाव उतरतच जातो. भाव चढतो तो थोड्यांचाच : ज्यांचे नाव लोकांच्या स्मरणात आहे, ज्या मोजक्या उरल्या आहेत, ज्यांचे भाग मिळतात, आणि ज्यांची कागदपत्रे शाबूत आहेत.

कागदपत्रांचा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर केला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे गाडीची तपासणी करवून ती पाच-पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निर्बंध कायम केले, तेव्हा तेथील कित्येक जुन्या गाड्या परप्रांतांत विक्रीस निघाल्या. यंत्र तेच असूनही मुलूख बदलला की त्याची किंमत बदलते, ती अशी. उलटपक्षी केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ऐतिहासिक वाहनांचा वेगळा दर्जा दिला. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क आहे आणि ती दहा वर्षे चालते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, फेरी किंवा तत्सम प्रसंगीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या बाजारहाटासाठी नव्हे. मान मिळतो, पण मोकळीक जाते.

आपल्या घरांतून याहूनही साधी एक चूक वारंवार घडते. वडील वारतात, त्यांची गाडी त्यांच्याच नावावर राहते. मुले एकमेकांकडे पाहत वर्षे काढतात. नोंदणीपुस्तिका कोठल्याशा पेटीत वाळवीच्या स्वाधीन होते. वारसाच्या नावावर गाडी करून घेण्याची तरतूद कायद्यात आहे आणि ती वेळेवर केली तर अवघडही नाही. परंतु दहा-पंधरा वर्षांनी गिऱ्हाईक दारी येते, तेव्हा इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक ज्या पुस्तिकेशी ताडून पाहावयाचा, तीच सापडत नाही. मग वडिलांनी जिवापाड जपलेली गाडी कायद्याच्या दृष्टीने लोखंडाचा ढीग ठरते.

गोमंतकातील वाचकांस पायलटांची ओळख करून देण्याचे कारण नाही. पुढचा मडगार्ड पिवळा रंगविलेली, भाड्याने माणसे नेणारी मोटारसायकल ही गोव्याची खास संस्था आहे. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा येथील थांब्यांवर उभ्या असणाऱ्या या मंडळींस आपल्या गाडीचे मोल दररोज कळते, कारण त्यांची चूल तिच्यावर पेटते. पायलट जुनी गाडी ठेवतो ती चालते म्हणून, आणि काढतो ती परवडत नाही म्हणून. त्याच्या व्यवहारात आठवणींना जागा नाही असे नव्हे. परंतु आठवणीचा खर्च आठवणीच्या खाती आणि पोटाचा खर्च पोटाच्या खाती, हा विवेक त्याच्यापाशी असतो. तो आपण शिकावा.

याच्या अगदी दुसऱ्या टोकास राजस्थानातील एक स्थान आहे. पाली-जोधपूर मार्गावर चोटिला गावाजवळ अपघातात मरण पावलेल्या ओम बन्नांची बुलेट काचेआड ठेवलेली असून वाटसरू तिला हार-नारळ वाहून पुढे जातात. पोलिसांनी ठाण्यात नेलेली ती गाडी पुन्हा अपघाताच्या जागी परत आली, अशी लोककथा आहे. कथेचा विचार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे करावा. आम्हांस त्यात एवढेच दिसते की, ती मोटारसायकल बाजारातून कायमची उठली. तिला मोल आहे, किंमत नाही. जशी देवाच्या पालखीला नसते.

पालखीचा व रथाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या देवस्थानांचीच रीत पाहू. रथ लाकडाचा, तो कुजतो, झिजतो. आज चाक बदलले, उद्या आस बदलला, पुढे कधी वरचे नक्षीकामही नवे केले. तरी रथ तोच राहतो. कारण दरवर्षी तो ओढला जातो, आणि त्याची दुरुस्ती जाणणारा सुतार, मानकरी व ओढणारा समाज पिढ्यान्‌पिढ्या तयार होत असतो. जुनी गाडीही अशीच जिवंत राहते. नुसती झाकून ठेवलेली गाडी जपलेली नसते. कोकणपट्टीचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस टाकीला आतून गंज चढवितो. टायर कडक होऊन भेगाळतात. उंदीर तारा कुरतडतात. साचलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरची बारीक भोके बुजवितो. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ते हवेतील ओल ओढून घेते, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी भागांस सोसत नाही. अशी गाडी पुन्हा उभी करावयाची म्हणजे इंजिनकाम, रंग, क्रोमचा मुलामा, बैठक असा खर्च निघत जातो, आणि पुष्कळदा तो गाडीच्या भावाच्याही पुढे जातो. नफ्याच्या आशेने गाडी राखणाऱ्याने हे आधीच ध्यानी घ्यावे.

याहून मोठी हानी हातांची आहे. अँपियर मीटरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसरचा खटका ओढून बुलेटला एका किकेत जागे करणारा. कानाने पॉइंट जुळविणारा. येझदीचा क्लच डोळे मिटून खोलणारा मिस्त्री आता म्हातारा झाला आहे. त्याचे दुकान बंद झाले, की त्याच्या आळीतल्या जुन्या गाड्यांचे आयुष्यही सरत आले असे समजावे. म्हणून घरात जुनी गाडी असेल तर भाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. ती चालविणारे कोणी घरात आहे काय? तिची कागदपत्रे जिवंत नावावर आहेत काय? तिची नाडी जाणणारा हात जवळपास आहे काय, आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकत आहे काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर भाव काहीही असो, गाडी ठेवावी. तसे नसेल, तर ती चालती आहे तोवरच तिची कदर करणाऱ्या माणसाच्या हाती द्यावी. मुलगी सुस्थळी द्यावी, तसे ते देणे होय. त्यात वडिलांच्या स्मृतीचा अवमान नाही. अवमान आहे तो पडवीच्या कोपऱ्यात तिला गंजत ठेवून तिच्या नावाने उसासे टाकण्यात.

पुढच्या दसऱ्यास रांगेत ती दिसली, तर तिच्या मालकास आम्ही भाव विचारणार नाही. गाडी काल चालविली होती काय, एवढेच विचारू.